नकाशावरचं पाणी

ऑक्टोबर १८९६. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट सँडी वाळवंटात एका विहिरीपाशी लॉरेन्स वेल्स यांच्या मोहिमेचे दोन भाग झाले. त्यांचे चुलतभाऊ चार्ल्स वेल्स आणि तरुण जॉर्ज जोन्स हे दोघं वायव्येकडचा मुलूख पाहायला निघाले. बाकीची माणसं उंटांसह पुढे गेली. पुन्हा भेटायचं ठिकाण ठरलं होतं जोआना स्प्रिंग. हा झरा वॉर्बर्टन या आधीच्या प्रवाशाने १८७३ सालच्या प्रवासात नोंदवला होता, नकाशावर त्याची जागा दाखवलेली होती, म्हणून भेटीसाठी तोच निवडला गेला.

लॉरेन्स वेल्स त्या जागी पोहोचले, तर तिथे झरा नव्हता. उंट थकलेले, पाणी संपत आलेलं, अशा स्थितीत सामान वाळूत टाकून त्यांच्या तुकडीने उत्तरेची फिट्झरॉय नदी कशीबशी गाठली. चार्ल्स आणि जॉर्ज मात्र आलेच नाहीत. मे १८९७ मध्ये त्या दोघांचे देह वाळवंटात सापडले. जोआना स्प्रिंगही त्याच शोधात सापडला, नकाशावरच्या जागेपासून सुमारे १५ मैलांवर. जिथे वाटा फुटल्या, त्या विहिरीला आजही सेपरेशन वेल म्हणतात.

या वाळवंटातून जाणाऱ्या कॅनिंग स्टॉक रूटवर आज गाडीने प्रवास करता येतो. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनाही अशा वाटांची ओढ वाटते. मुख्य वाटेवरून जाताना एखाद्या ऐतिहासिक पाणवठ्याचं नाव दिसतं आणि मनात येतं, एवढ्या जवळ आलोच आहोत तर बघून येऊ. जरूर यावं. पण एक गोष्ट आधी मनात पक्की करावी: पाणवठा बघायला जाताना पाणी आपल्याबरोबर न्यायचं असतं. वाळवंटातल्या आडवाटेचं सगळं नियोजन या एका वाक्यावर उभं आहे.

ही वाट कोणती?

कॅनिंग स्टॉक रूट दक्षिणेच्या विलूना गावापासून उत्तरेच्या हॉल्स क्रीकपर्यंत जाते. लांबी सुमारे १,८५० किलोमीटर. मध्ये वाळूच्या नऊशेहून अधिक टेकड्या आडव्या येतात. ही वाट गुरांसाठी होती. किंबर्ली भागातल्या गुरांना गोचिडांचा रोग होता, त्यामुळे त्यांना समुद्रमार्गे दक्षिणेच्या बाजारात न्यायला बंदी आली. कोरड्या वाळवंटातून चालवत आणलं तर गोचीड वाटेतच मरेल, असा हिशेब मांडला गेला. १९०६ साली आल्फ्रेड कॅनिंग यांनी पाहणी सुरू केली, १९०८ ते १९१० या काळात विहिरी बांधल्या. आज वाटेवर १ ते ५१ असे क्रमांक आहेत. दोन विहिरींमधलं अंतर गुरांच्या साधारण एका दिवसाच्या चालीएवढं ठेवलं होतं. शेवटचा कळप १९५९ साली गेला. १९६८ मध्ये तीन सर्वेक्षकांनी पहिल्यांदा ही संपूर्ण वाट गाडीने पार केली.

मराठी वाचकाला या विहिरी फार अनोळखी वाटणार नाहीत. काठावर लाकडी खांब, दोर, बादली, दोर ओढायला उंट आणि शेजारी गुरांसाठी लांब डोणी. आपल्याकडची मोटच ती, बैलांच्या जागी उंट जुंपलेले.

पाणवठे किती प्रकारचे?

नकाशावर सगळे पाणवठे एकाच निळ्या रंगात दाखवतात. प्रत्यक्षात प्रत्येकाचा स्वभाव निराळा असतो आणि तो ओळखणं हे नियोजनाचं पहिलं काम.

- बारमाही पाणी: इथल्या मूळ रहिवाशांच्या वालमजारी भाषेत याला 'जिला' म्हणतात. हे जिवंत पाणी. त्यात पूर्वज-सर्प राहतो अशी श्रद्धा आहे.
- झिरा: वालमजारीत 'जुमू'. वाळूत खणलं की पाणी पाझरतं, पण हंगामापुरतंच. आपल्याकडे कोरड्या नदीपात्रात झिरा खणतात, तसंच.
- खडकातलं टाकं: पावसाचं पाणी खडकाच्या खळग्यात साठतं. सावली असेल तर महिनोन् महिने टिकतं, नसेल तर आटतं.
- बांधलेली विहीर: कॅनिंगच्या विहिरींपैकी काही दुरुस्त झाल्या आहेत, बऱ्याच ढासळल्या आहेत. काहींत मेलेले प्राणी पडलेले असतात.

आपण ज्या पाणवठ्याकडे निघालो तो यांपैकी कोणता, हे कळलं की तिथे काय अपेक्षा ठेवायची तेही कळतं. उदाहरणासाठी या लेखात एकच आडवाट घेऊ: वाटेच्या उत्तर टोकाकडे, ४८ क्रमांकाच्या विहिरीजवळच्या ब्रीडन टेकड्यांमधलं गॉडफ्रेज टँक. हे तिसऱ्या प्रकारचं पाणी, म्हणजे खडकातलं टाकं. आपल्या गडांवरची टाकी माणसांनी खोदलेली असतात, हे निसर्गाने घडवलेलं आहे. आणि ते सर्वस्वी पावसावर अवलंबून आहे.

या टाक्याचा इतिहास

वेल्स यांची मोहीम वाळवंटात होती त्याच महिन्यांत डेव्हिड कार्नेगी हा पंचविशीतला तरुण चार साथीदार आणि नऊ उंट घेऊन कूलगार्डीहून हॉल्स क्रीककडे निघाला होता. जुलै १८९६ मध्ये तो निघाला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पोहोचला. जो ब्रीडन आणि गॉडफ्रे मॅसी हे त्याचे साथीदार. टेकड्यांना आणि टाक्याला त्यांचीच नावं मिळाली. चार्ल्स स्टॅन्समोर हा तिसरा साथीदार प्रवास संपायला थोडेच दिवस उरले असताना स्वतःच्या बंदुकीची गोळी चुकून सुटल्याने गेला. हॉल्स क्रीकला पोहोचल्यावर कार्नेगीला कळलं की वेल्स यांची दोन माणसं बेपत्ता आहेत. पाच महिन्यांचा प्रवास नुकता संपवूनही त्याने शोधाला जायची तयारी दाखवली.

कार्नेगीचा निष्कर्ष स्पष्ट होता: या मुलखातून गुरांची वाट काढणं व्यवहार्य नाही. दहा वर्षांनी कॅनिंग यांनी ती काढलीच. त्यांच्या माणसांनी गॉडफ्रेज टँकच्या खडकावर कोरलेली नावं तिथे आहेत.

या कथांमध्ये आपल्या उपखंडाचाही वाटा आहे. वेल्स यांच्या मोहिमेत उंटांची जबाबदारी बलुचिस्तानात जन्मलेल्या बेजाह दरवेश यांच्यावर होती. त्यांच्या निष्ठेची आठवण म्हणून वेल्स यांनी त्यांना आपलं होकायंत्र दिलं. ऑस्ट्रेलियात गेलेले कित्येक उंट कराची बंदरातून चढवले गेले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. जोआना स्प्रिंगची नोंद करणारे वॉर्बर्टनसुद्धा १८५३ पर्यंत मुंबईच्या सैन्यात अधिकारी होते.

हे पाणी कोणाचं?

'शोध लावला' हा शब्द इथे जपून वापरावा. वाळवंटातल्या प्रत्येक पाणवठ्याची नावं, गोष्टी आणि राखण करणारी माणसं आधीपासून होती. कार्नेगीने पाणी शोधण्यासाठी वाटेत भेटलेल्या मूळ रहिवाशांना पकडून ठेवलं. त्यांना तहान लागेल असं खारट मांस खायला दिल्याचं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. कॅनिंग यांच्या पाहणीत वाटाड्यांच्या गळ्यात साखळ्या होत्या. त्यांच्याच स्वयंपाक्याने, एडवर्ड ब्लेक याने, याविरुद्ध तक्रार केली आणि १९०८ मध्ये चौकशी आयोग बसला. आयोगाने कॅनिंग यांना दोषमुक्त केलं, पण साखळ्या होत्या ही गोष्ट नोंदीत राहिली.

विहिरी बहुतेक जुन्या पाणवठ्यांवरच खणल्या गेल्या. खोल विहीर आणि जड बादली यांमुळे ज्यांचं ते पाणी होतं, त्यांनाच ते काढणं अवघड झालं. म्हणून या वाटेवर येणाऱ्याने पहिला प्रश्न 'कसं जायचं' हा विचारू नये. 'जायची परवानगी आहे का' हा विचारावा.

आज या भूमीचा मोठा भाग मार्तू, वालमजारी, जारू आणि इतर समूहांच्या कायदेशीर हक्काखाली आहे. प्रवासासाठी परवाना लागतो. मुख्य वाटेचा परवाना मिळाला म्हणजे प्रत्येक आडवाट खुली झाली असं होत नाही. काही स्थळं पवित्र आहेत. ३५ क्रमांकाच्या विहिरीजवळचं किन्यू हे तसंच एक स्थान. आपली आडवाट परवान्यात बसते का, हे अर्ज करतानाच लेखी विचारून घ्यावं. उत्तर 'नाही' आलं तर आडवाट नियोजनातून काढून टाकावी. पूर किंवा इतर कारणांनी वाटेचे काही भाग बंदही असतात, हेही त्याच वेळी विचारावं.

हंगाम आणि वेळ

प्रवासाचा हंगाम मे ते सप्टेंबर. उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे जातं आणि वाटेवर माणूस दिसत नाही. तेव्हा बंद पडलेली गाडी म्हणजे जिवाशी गाठ. हिवाळ्यात दिवस सुखाचे असतात, रात्री गारठा पडतो. पण दिवस लहान असतो. वाटेच्या उत्तर भागात जुलैमध्ये सूर्य साडेपाचच्या आत मावळतो.

वाळूच्या टेकड्यांमधून ताशी १५ ते २० किलोमीटरपेक्षा जास्त सरासरी धरू नये. समजा, आडवाट जाऊन-येऊन ३० किलोमीटर आहे. गाडीचे दोन तास धरा, टेकड्यांच्या पायथ्यापासून टाक्यापर्यंतची चाल आणि तिथला वेळ धरून आणखी तीन तास. म्हणजे सकाळी निघायला हवं. शिवाय माघारीची वेळ घरूनच ठरवून निघावी. उदाहरणार्थ, दुपारी दोन वाजेपर्यंत टाकं दिसलं नाही तर जिथे असू तिथून परत फिरायचं. 'आता जवळच आहे' हे वाक्य वाळवंटात कुणाचंही ऐकू नये, स्वतःचंही नाही.

इंधनाचा हिशेब

वाटेच्या मध्यावर, ३३ क्रमांकाच्या विहिरीजवळ, कुनावारिट्जी या वस्तीवर इंधन मिळतं. त्यानंतर उत्तरेला थेट बिलिलूना. हे अंतर सहाशे किलोमीटरांहून अधिक. दोन्हीकडे इंधन शिल्लक आहे का आणि दुकान कोणत्या दिवशी उघडं असतं, हे फोन करून आधी विचारावं.

आता आकडे मांडू. टप्पा ६५० किलोमीटरांचा धरला आणि वाळूत गाडी दर शंभर किलोमीटरला २५ लिटर डिझेल पिते असं धरलं, तर १६३ लिटर लागतात. आडवाटेचे ३० किलोमीटर सगळे खालच्या गिअरमध्ये जातात, त्यासाठी शंभराला ३० या दराने ९ लिटर. बेरीज १७२. यावर चौथाई राखीव, म्हणजे ४३. एकूण २१५ लिटर. वजन सुमारे १८० किलो.

या हिशेबातून एक गोष्ट दिसते. आडवाटेचं इंधन अवघं ९ लिटर, पण ते राखीव साठ्यातून काढायचं नसतं. राखीव साठा चुकलेल्या वळणासाठी आणि तीन-तीनदा चढाव्या लागणाऱ्या टेकडीसाठी आहे. कुनावारिट्जीहून पुढे निघाल्यावर प्रत्यक्षात गाडी शंभराला किती पिते आहे, हे रोज संध्याकाळी वहीत लिहावं. चौथ्या दिवशी आकडा २५ च्या वर गेलेला दिसला, तर टाकं पुढच्या खेपेसाठी ठेवावं.

पाण्याचा हिशेब

माणशी रोज ७ लिटर धरावेत. यात पिणं, स्वयंपाक आणि जेमतेम धुणं आलं. दोघांसाठी रोज १४. टप्पा सहा दिवसांचा असेल तर ८४ लिटर. आडवाटेसाठी एक दिवस वाढला, त्याचे १४. गाडी अडकून मदतीची वाट पाहावी लागली तर तीन दिवसांचे ४२. एकूण १४० लिटर.

या यादीत पाणवठ्यातून मिळणाऱ्या पाण्याचा रकाना नाही, आणि तो ठेवूही नये. ४९ क्रमांकाच्या विहिरीचं पाणी चांगलं आहे असं कळलं असेल, तरी ते वरकड समजावं. मिळालं तर आनंद, नाही मिळालं तर हिशेब बिघडत नाही. सगळं पाणी एकाच टाकीत ठेवू नये. खडकाच्या एका टोल्याने टाकी फुटते. तीन-चार वेगळे डबे हवेत, आणि त्यातला एक माणसाला उचलून चालता येईल एवढा लहान.

जागा नेमकी कुठे आहे?

जोआना स्प्रिंगच्या चुकीकडे परत जाऊ. त्या काळी रेखांश काढायला अचूक घड्याळ लागायचं. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. त्या झऱ्याच्या अक्षांशावर एक अंश म्हणजे साधारण १०५ किलोमीटर. म्हणजे घड्याळात एक मिनिटाची चूक झाली की नकाशावर २६ किलोमीटर सरकले. पंधरा मैलांची चूक, म्हणजे २४ किलोमीटर, मिनिटापेक्षाही कमी फरकात मावते. महिनोन् महिने उंटाच्या पाठीवर हिंदकळणारं घड्याळ आणि उपासमारीने खंगलेला माणूस, यांच्याकडून ती होणं अशक्य नव्हतं.

आज उपग्रह आपल्याला काही मीटरांच्या आत जागा सांगतो. तरी जुनी चूक वेगळ्या रूपात शिल्लक आहे. ऑस्ट्रेलियाचे जुने कागदी नकाशे मोजणीच्या ज्या पायावर काढलेले आहेत, तो आणि १९९४ चा पाया यांत सुमारे २०० मीटरांचा फरक पडतो. जुन्या पुस्तकातले आकडे तसेच यंत्रात भरले तर आपण टाक्याऐवजी शेजारच्या घळीत उभे राहू. दुसरी गफलत लिहिण्याच्या पद्धतीची. अंश-मिनिटं-सेकंद आणि दशांशातले अंश यांची सरमिसळ झाली तर चूक किलोमीटरांत जाते.

म्हणून जागा दोन स्वतंत्र ठिकाणांहून पडताळावी, उपग्रहचित्रावर टेकड्यांचा आकार पाहून घ्यावा, आणि कागदी नकाशा सोबत ठेवावाच. यंत्राची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

गाडी, चाकं आणि गवत

मुख्य वाटेवर वाळू आहे, ब्रीडन टेकड्यांकडे दगड. वाळूसाठी चाकांतली हवा १६ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवतात. त्याच मऊ चाकांनी दगडांवर गेलं तर टायरची बाजू चिरते. आडवाटेला लागण्याआधी थांबून हवा भरावी, परतल्यावर पुन्हा उतरवावी. ही दोन थांब्यांची कटकट एका टायरपेक्षा स्वस्त आहे.

स्पिनिफेक्स हे इथलं काटेरी गवत. त्याचं बी रेडिएटरवर बसून इंजिन तापवतं, म्हणून पुढे जाळी बांधतात. वाळलेलं गवत गाडीखाली गरम नळीजवळ अडकून पेट घेतं. कमी वर्दळीच्या आडवाटेवर मधला गवताचा पट्टा उंच असतो, त्यामुळे धोका तिथेच जास्त. दर थोड्या अंतराने उतरून वाकून बघावं, हाताने गवत काढावं, आणि अग्निशामक नळकांडं ड्रायव्हरच्या हाताशी ठेवावं. पुढे उंच झेंडाही हवा, कारण टेकडीच्या पलीकडून येणारी गाडी माथ्यावर येईपर्यंत दिसत नाही.

कोणाला काय सांगून जायचं?

सोबत उपग्रह-फोन आणि संकटाचा इशारा देणारं बीकन हवं. पण यंत्रांआधी माणूस. शहरातल्या एका भरवशाच्या व्यक्तीकडे लेखी योजना ठेवावी: कोणत्या तारखेला कोणत्या विहिरीवर, आडवाट कोणती, तिथून केव्हा परतणार, आणि किती तास निरोप आला नाही तर पोलिसांना कळवायचं. आडवाट योजनेत लिहिलेली नसेल तर शोध मुख्य वाटेवर होईल, आणि आपण तिथे नसू.

दोन गाड्या असतील तर दोन्ही गाड्यांनी आडवाटेला जावं. गाडी बंद पडलीच तर ती सोडून चालू लागू नये. आकाशातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

टाक्यापाशी

पायथ्याला गाडी ठेवून घळीतून चढत टाक्यापर्यंत जायचं. तिथे उतरून अंघोळ करू नये. साबण, सनस्क्रीन, कीटकनाशकाचं तेल, यांतलं काहीही साचलेल्या पाण्यात गेलं की पुढच्या पावसापर्यंत तिथेच राहतं. आसपासच्या पक्ष्यांना आणि प्राण्यांना दुसरं पाणी नाही. मुक्काम दूर करावा, म्हणजे रात्री त्यांना निर्धास्त येता येईल. जुन्या नावांशेजारी आपलं नाव कोरू नये. खडकावर चित्रं दिसली तर हात लावू नये.

आणि परतल्यावर एक काम करावं. टाक्यात पाणी होतं की नव्हतं, किती होतं, कोणत्या तारखेला, ते वहीत लिहावं आणि परवाना देणाऱ्यांना कळवावं. तारीख विसरू नये. नकाशावरचा निळा ठिपका पाणी कधी होतं हे सांगत नाही, आणि तेवढ्या अर्धवट माहितीवर कुणीतरी पुढच्या हंगामात भेटीची जागा ठरवून मोकळं होतं. वॉर्बर्टन यांनी आपली नोंद प्रामाणिकपणेच केली होती. तेवीस वर्षांनी दोन माणसं त्या नोंदीच्या भरवशावर सेपरेशन वेलपासून निघाली. आपल्या वहीतली ओळही कुणाच्या तरी प्रवासाचा आधार होईल, असं समजूनच ती लिहावी.